गुलामाच्या हातची तांबोशी

सोमवार, १३ जानेवारी. संध्याकाळ.
आजपासून स्वयंपाक. ठरलं.

ओदील, माझी बायको, गावातच बुकोतला बहिणीकडे गेली आहे. विश्रांतीसाठी. पाठ दुखते तिची. जाताना शिलाई मशीनही नेलं, कारण नुसती विश्रांती घेऊन माणूस कंटाळतो. नाताळच्या आधी गेली. विश्रांती चांगली लागू पडलेली दिसते.

जोसियानने, आमच्या मुलीने, डाकारहून एक व्हिडिओ पाठवलाय. मासा, संत्रं, लिंबू, हिरवा पाला, ओव्हन. कामावरून दमून आलात तरी अर्ध्या तासात जेवण. खाली लिहिलंय, बाबा, एकट्या माणसाला हे बरं. एकट्या माणसाला! पोरीला परिस्थिती नीट कळलेली नाही. फोन करून समजावणार होतो, पण ती कामात असते.

प्लॅन साधा. आधी सराव, मग ओदीलला जेवायला बोलवायचं. पहिला घास घेतल्यावर ती माझ्याकडे बघेल. दुसऱ्या घासाला मशीन परत आणायला हातगाडी कुणाची सांगायची ते विचारेल.

मंगळवार, १४ जानेवारी.
नदीकाठच्या बाजारात गेलो. तेंदेंग मावशीने लांबूनच आरोळी ठोकली, आला गं आला आमचा गुलाम! मालकिणीने हाकललं वाटतं, स्वतः पिशवी घेऊन आलाय. मी म्हणालो, ए ताडीच्या माठा, तराजूवरचा अंगठा काढ आधी. सगळा बाजार हसला.

मी सेरेर, समुद्राकडचा. हे झिगिंशोर गाव पडलं जोलांचं, ओदीलही जोलाच. सेरेर आणि जोला म्हणजे दोन बहिणींची लेकरं, त्यामुळे एकमेकांना वाट्टेल ते बोलायचा हक्क आणि रागवायला बंदी. लग्न होऊन इथे आलो तेव्हापासून मी अख्ख्या गावाचा गुलाम आहे. आणि ते सगळे माझे. तब्येत ठणठणीत राहते याने.

तांबोशी घेतली. मावशी म्हणाली, लहान देऊ का, एकट्यापुरती? मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत. तिने मोठी दिली.

बुधवार, १५ जानेवारी.
ओव्हन पेटवला. ज्याने इतकी वर्षं पोरांना वाऱ्यांचे पट्टे शिकवले, त्याला एक लोखंडी पेटी तापवणं काय जड आहे?

व्हिडिओतला ओव्हन रिकामा असतो. आमच्या ओव्हनमध्ये ओदीलची पातेली, झाकणं आणि एक प्लॅस्टिकची चाळणी असते. हे व्हिडिओवाल्याने आधी सांगायला हवं होतं. चाळणी आता तळाला कायमची चिकटली आहे. मासा तळून खाल्ला. करपला, पण थोडाच.

धूर बघून शेजारचा एमिल दियात्ता आत आला. न विचारता. तो नेहमीच असा येतो, जोला असल्यामुळे माझ्या ताटातलं उचलायचा त्याला जन्मसिद्ध अधिकार आहे. म्हणाला, काय रे गुलामा, घर जाळून पळायचा बेत आहे काय? मालमत्ता आमची आहे, तुझ्यासकट. मग माझ्या माशाची पाठ खाऊन गेला. मला डोकं ठेवलं.

शुक्रवार, १७ जानेवारी.
दुसरा प्रयोग. बराचसा यशस्वी.

हिरव्या पाल्यासाठी बाजारात जायची गरजच नाही, हा शोध माझा. स्वयंपाकघरात खिळ्याला ओदीलने एक जुडी टांगून ठेवलेली आहे. वास कडक. माशाच्या पोटात ती कोंबली, वर संत्र्याच्या चकत्या, सालीसकट. साल टाकून देणं म्हणजे उधळपट्टी.

चव: औषधी. साल कडू होते, ही संत्र्याची चूक.

एमिलने दोन घास खाल्ले, थांबला आणि म्हणाला, पाठ एकदम हलकी वाटायला लागली रे. मग कळलं, ही जुडी पाठ दुखते तेव्हा अंघोळीच्या पाण्यात उकळतात. त्याच्या आईकडेही असते. एमिल पोट धरून हसत होता. म्हणाला, सेरेरांना पाला आणि मासा यातला फरक आम्ही शिकवला, पण विसरतात बिचारे.

तो गेल्यावर विचार केला. पाठीचा पाला ओदील इथेच ठेवून गेली. म्हणजे पाठ दुखायची थांबली. म्हणजे आता विश्रांतीचं कारण उरलं नाही. म्हणजे येईलच.

रविवार, १९ जानेवारी. दुपार.
आनंदाची बातमी!

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ओदील भेटली. बहीण बरोबर होती, पण ती जरा लांब जाऊन उभी राहिली. समजूतदार बाई.

एरवी ओदील मला बघितलं की सुरुवातच अशी करायची, अजून जिवंत आहेस का रे, मी तर तुला विकायला काढलं होतं, गिऱ्हाईकच मिळेना. आज तसं काहीच नाही. शांतपणे म्हणाली, कसा आहेस लातीर? शाळा बरी चाललीय ना? मी तिला सरळ गुरुवारी रात्री जेवायला बोलावलं. मासा मी करणार, म्हटलं. वाटलं, आता तोंडसुख घेईल. पण म्हणाली, हो, येईन की. आभारी आहे. मलाही जरा बोलायचं होतं.

आभारी आहे! संसारात एकदाही हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. भांडणाचा सूर पूर्ण गेलाय. विश्रांतीने माणूस किती मऊ होतो. बोलायचंय म्हणजे अर्थात हातगाडीचं.

मंगळवार, २१ जानेवारी.
अंतिम सराव. सकाळी शाळेत जाण्याआधीच मासा लिंबाच्या रसात बुडवून ठेवला. मुरला की चव वाढते, हे तर्कानेच कळतं. संध्याकाळी बघितलं तर मासा पांढरा फटक, बोट लावलं की लगदा. ओव्हनमध्ये जाण्याआधीच शिजला होता. पुढे भाजला तेव्हा खडूसारखा झाला. भाताबरोबर खाल्ला. भातही जरा खाली लागला होता.

ताटं दोन मांडली होती. सराव म्हणून.

रेडिओ मोठा लावला, मग बंद केला. मासा भाजायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात घरात करायला काही नसतं. ओव्हनसमोर उभा राहून मी मोठ्याने म्हणालो, काय रे गुलामा, मालकीण भुकेने मेली तरी तुझा मासा होणार नाही! आवाज बराचसा ओदीलसारखा निघाला. बरं वाटलं क्षणभर. मग बरं वाटेना.

बुधवार, २२ जानेवारी.
एमिल म्हणाला, लिंबू आयत्या वेळी पिळ मूर्खा, आणि संत्र्याची साल काढ. मीही साधारण त्याच निष्कर्षाला आलो होतो.

त्याला सांगितलं, उद्या ओदील येतेय. तो खूश झाला. म्हणाला, मग काय, उद्या तुझी सालटी सोलून काढते की नाही बघ. मी म्हटलं, नाही रे, ती आता पार बदललीय. किती आदराने बोलते. आभारी आहे म्हणाली मला.

एमिल चावायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला. जोलाला उत्तर सुचलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघितलं. जिंकलो.

गुरुवार, २३ जानेवारी. संध्याकाळ.
शाळेतून लवकर निघालो. तांबोशी ताजी, डोळे चकचकीत. दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या. मीठ, मिरी, लसूण. पोटात पार्सली, कांद्याची पात, सोललेलं संत्रं. लिंबू आत्ता पिळलं, आयत्या वेळी. ओव्हन रिकामा आहे, दोनदा बघितलं. वास असा सुटलाय की मीच माझ्यावर खूश आहे.

हातगाडीवाल्याला विचारून ठेवलंय. शनिवारी मोकळा आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी. सकाळ, शाळेच्या आधी.
लिहून टाकतो.

ओदील सांगितलेल्या वेळेवर आली. इथे कोण येतं वेळेवर? हातात बिस्किटांचा पुडा. दारात उभी राहून म्हणाली, आत येऊ ना? स्वतः पसंत केलेल्या खुर्च्यांकडे बघत विचारलं, कुठे बसू? मध्ये तहान लागली तर म्हणाली, पाणी घेतलं तर चालेल का? माठ तिचा. पेला तिचा.

मासा उत्तम झाला होता. खरंच. काट्यापासून अलगद सुटत होता, रस गोड-आंबट. ती म्हणाली, छान झालाय.

मी म्हटलं, होणारच! सेरेरच्या हातचा आहे, तुम्हा जोला भाताच्या पोत्यांना काय कळणार माशातलं? आणि वाट बघत बसलो. इतकी सोपी संधी तिने उभ्या जन्मात सोडली नसती. ती हसली. म्हणाली, नाही, खरंच छान झालाय.

तेवढ्यात एमिल आला, नेहमीसारखा. माशात हात घालून म्हणाला, मालकीणबाई, जपून हं, गुलामाने विष घातलं असेल. ओदील त्याला म्हणाली, असं नको बोलूस एमिल. दिवसभर शिकवून दमून येतो तो. मन लावून केलंय त्याने.

एमिलने हातातला घास ताटात परत ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आम्हा दोघांनाही कळलं. जोला बाईने सेरेरची बाजू घेतली. घरातल्या माणसाची कुणी अशी बाजू घेत नाही. पाद्रीबाबांशी असं बोलतात, डाकारहून आलेल्या साहेबाशी बोलतात. एमिल हात धुऊन गेला.

मग तिने सांगितलं. बहिणीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्यात. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागच्या खोलीत राहणं. परत येणार नाही. माझ्यावर राग नाही, म्हणाली. राग संपला. आधी खूप होता, तेव्हा रोज काहीतरी बोलायची आणि मी हसायचो, मला वाटायचं गंमत करतेय. तब्येतीला जप, म्हणाली. जाताना स्वतःचं ताट धुऊन ठेवलं.

मी हसायचो हे खरं आहे. मला खरंच वाटायचं, ती गंमत करतेय.

ती ओरडली असती, चार लोकांत माझी लाज काढली असती, तर आज मी हातगाडी घेऊन बुकोतला गेलो असतो. तिच्या सभ्यपणापुढे काय करायचं मला माहीत नाही. मला ती इथे हवी आहे. हे तिला सांगितलं नाही, माशाबद्दल बोलत राहिलो.

शनिवार, २५ जानेवारी. दुपार.
अर्धी तांबोशी उरली होती. फ्रीजमध्ये रस गोठून वर चिकटलाय, पण चव आहे. हातगाडीवाला आला होता, त्याला नको म्हणून सांगितलं.

भिंतीवर थाप मारून एमिलला जेवायला बोलावलं. बराच वेळ आला नाही. मग आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी काढली, म्हणाला, नको भाऊ, तुम्ही जेवा निवांत, काही लागलं तर सांगा.

येताना त्याने दार वाजवलं होतं. दार उघडंच होतं.