कोरा गोलकीपर

अण्णा, गोलकीपरचं ते चित्र तुम्ही कारखान्यातून उचललं होतंत. मला हे परवा कळलं, लोणावळ्यात, चारचौघांत, हातात चहाचा कप असताना. तो कप मी पुढे कुठे ठेवला, प्यायले की सांडला, काही म्हणजे काही आठवत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर हल्ली मला जरा डोळे मिटावे लागतात. परवा मात्र तो न बोलावता कानाशी आला, "म्यां हात लावला न्हाई," आणि जन्मात पहिल्यांदा मी तुमच्यावर विश्वास ठेवू शकले नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, कंपनीत क्वालिटीला बसते, माल हातात घेतला की नाक मुरडते म्हणून नवी पोरं मला टरकून असतात. आणि जी वस्तू लहानपणापासून माझ्याजवळ आहे तिच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तुम्हाला यातलं सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून मांडू द्या, नाहीतर माझं डोकं ठिकाणावर यायचं नाही. तुमच्या चिक्कीच्या कारखान्याच्या शेठला हॉकीचं वेड. त्याने चिक्कीच्या प्रत्येक पुड्यात एक रंगीत चित्र घालायला सुरुवात केली, अकरा खेळाडूंची अकरा चित्रं, आणि अकराही जमवून आणणाऱ्याला खरीखुरी हॉकी स्टिक. पुडे बांधायचं काम तुमचं. गोलकीपरची चित्रं त्याने मुद्दाम थोडी छापलेली, ती तो स्वतःच्या खणात ठेवायचा आणि मनाला येईल तेव्हा मोजून तुमच्या हातात द्यायचा. कार्ल्याच्या आम्हा पोरांना चिक्की कुठली परवडायला? चिक्की मुंबईचे पाहुणे खायचे, आम्ही चित्रं वेचायचो. लेण्यांच्या पायऱ्यांवर, फाट्यावर, एस.टी.च्या खिडक्यांखाली. ओली, चुरगळलेली, कुणाच्या चपलेचा ठसा उमटलेली. तोंडाशी नेली की गुळाचा वास यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. भातकापणी झाली की खाचरात आमची हॉकी. वाकड्या फांद्यांच्या स्टिका, चिंध्यांचा चेंडू, आणि मी मुलगी म्हणून मला गोलात उभी करायचे. नडग्या सोलून निघायच्या. पण गोल सोडत नव्हते मी! म्हणून मला बाकी कुणी नको होतं, गोलकीपर हवा होता, आणि गोलकीपर तर कुणालाच मिळत नव्हता.

तुम्ही कारखान्यातून सुटलात की फाटकापाशी थांबून सदरा झटकायचात, बाह्या उलगडून, खिसे उलटे करून. अंगाला चिकटलेला तीळसुद्धा घरी येता कामा नये. लोक हसायचे. आई म्हणायची, "आवं, तिळानं काय शेठ बुडतोय व्हय?" तुम्ही नुसते हात धुवायला बसायचात. रविवारी विहारात पंचशील म्हणताना तुमचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, आणि न दिलेलं घेणार नाही हे शील आलं की तो आणखीच चढतो असं मला वाटायचं.

आणि भुशीचा तो दिवस. आपण धरणावर गेलोय, पाणी दगडांवरून फेसाळत उतरतंय, एक कुटुंब कपडे वाळत टाकून पाण्यात बसलंय. त्यांच्या उघड्या पिशवीत पुडा फोडलेला दिसतो, वर लेफ्ट आउटचं चित्र. फेकलेलं नाही, नुसतं वर पडलेलं. मी ते उचलून फ्रॉकच्या खिशात घालते. तुमच्या लक्षात येतं ते आपण परतीच्या वाटेला बरंच खाली उतरल्यावर. तुम्ही मारत नाही. मनगट धरून तेवढा चढ मला परत चढायला लावता. "आपलं न्हाई ते उचलायचं न्हाई. हितंच ठिऊन ये." ती माणसं तोवर निघून गेलेली, पिशवी नाही, कुणी नाही. मी म्हणते, अण्णा, आता तर ते कुणाचंच नाही. तुम्ही म्हणता, "तरी आपलं न्हाईच." मी ते ओल्या दगडावर ठेवते आणि पाणी ते घेऊन जातं. त्या दिवशी मी तुमचा किती राग केला! आणि पुढे सगळा जन्म मी त्याच दिवसाच्या जोरावर मान ताठ ठेवून चालले.

मग मला कावीळ झाली. अंगणातून खाचर दिसायचं, पोरं खेळताना दिसायची आणि माझ्या जागी दुसरंच कुणी उभं असायचं. मी जेवत नव्हते, बोलत नव्हते. एका संध्याकाळी तुम्ही आलात आणि माझ्या उशाशी गोलकीपर ठेवलात. दोन्ही पायांना पॅड, वाकून उभा, हात पसरलेले. मी इतकी किंचाळले की शेजारची मावशी धावत आली. तुम्ही चित्र चटकन गोधडीखाली सारलंत. ती गेल्यावर म्हणालात, "फाट्यावर घावलं. कुन्या पाव्हन्यानं टाकलं आसंल. पर साळंत न्हेऊ नगं बाय, कुनी हिसकून घील." मी ते बुद्धांच्या तसबिरीमागे ठेवलं. त्या सांजेला मी दोन घास जास्त खाल्ले असं आई अजून सांगते, चित्राचं मात्र तिला तेव्हा काही कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठने मोजणी केली आणि एक गोलकीपर कमी भरला. एका कागदाच्या कपट्यापायी त्याने तुम्हाला सगळ्यांदेखत काढलं. आईने त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि घरी येऊन माझी झाडून सगळी चित्रं चुलीत घातली, तसबिरीमागचं तेवढं वाचलं. तुम्ही उंबऱ्यात बसून होतात. "म्यां हात लावला न्हाई," एवढंच. शाळेत मला चिक्कीचोराची पोर म्हणायला लागले तेव्हा मी एकाच्या दंडाला अशी कडाडून चावले की बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. तुमची उरलेली वर्षं बंगल्यांच्या राखणदारीत गेली. परक्यांच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले तुम्ही. त्या खुर्चीचा मला फार राग यायचा.

आता शेठचा नातू दुकान बघतो. मुलगा चांगला आहे, आडून बोलत नाही. माळ्यावर त्याला एक बंद डबा सापडला, आत त्या काळचे न फोडलेले पुडे. हल्ली असल्या जुन्या चित्रांचे शौकीन असतात, अण्णा, पाकीट फोडायला पुण्याहून गाड्या करून येतात, तुम्हाला खरं वाटणार नाही. त्याला अकराही चित्रं काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावायची आहेत. गोलकीपर माझ्याकडे आहे असं कुणाकडून तरी कळलं म्हणून तो वराळ्याला आमच्या आताच्या घरी आला. मी सांगितलं, फाट्यावर सापडलेलं हे चित्र फुकट देते, पण चौकटीखाली माझ्या वडिलांचं नाव घालायचं आणि लिहायचं की यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता. तो एका दमात हो म्हणाला. "मावशी, आजोबांचं चुकलंच. मी स्वतः सगळ्यांसमोर वाचून दाखवीन." आई दाराआडून ऐकत होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकलं. त्याच दिवशी तिने ठेवणीतलं पांढरं लुगडं काढून उन्हात घातलं.

परवा पुडे फोडायचे होते म्हणून त्याने मलाही बोलावलं. मी चित्र पर्समध्ये घालून गेले. टेबलाभोवती ही गर्दी, फोन वर धरलेले, नातवाच्या हातात रबरी मोजे. पहिला पुडा फोडला तर आतली चिक्की काळी ठिक्कर आणि खवट वास असा की पुढचे लोक मागे झाले. चित्र निघालं, राइट हाफ. सगळे "ओऽऽ" म्हणाले, मीही म्हणाले, लहान मुलीसारखी. त्याने चित्र उलटं केलं. पाठीवर तुपाचा पिवळा चौकोन, वडीच्या मापाचा. दुसरा पुडा, दुसरं चित्र, तोच चौकोन. तिसऱ्यालाही. कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गरम वडी चित्राच्या पाठीवरच ठेवून पुडा बांधायचे ना, तूप उतरायचं. हीच खऱ्याची खूण. पुड्यातनं आलेलं एकही चित्र याच्याशिवाय नाही. पाठ कोरी असली की समजायचं नकली."

अण्णा, माझ्या गोलकीपरची पाठ कोरी आहे. पांढरी स्वच्छ. मला वाटायचं मी किती निगुतीनं ठेवलंय! ते नकली नाही हे मला ठाऊक आहे, ते माझ्या उशाशी कुणी ठेवलं तेही ठाऊक आहे. मग ते कधी पुड्यात गेलंच नव्हतं. पुड्यात गेलं नाही म्हणजे कुणा पाहुण्याने टाकलं नाही, फाट्यावर पडलं नाही, तुम्हाला घावलं नाही. मी तिथे उभी राहून दुसरी वाट शोधत होते, वाऱ्यानं उडालं असेल, केरात गेलं असेल, पण शेठच्या मोजलेल्या चित्रांतलं एक तुमच्या हातात होतं आणि एक माझ्या उशाशी आलं, यातून कुठेच वाट निघेना. नातू म्हणाला, "मावशी, आणलंय ना आपलं?" मी पर्स छातीशी धरून म्हणाले, घरी राहिलं. तो म्हणाला, काही हरकत नाही, रविवारी चौकट लावायची, तेव्हा आजींना घेऊनच या. बसथांब्यापर्यंत कशी आले ते मला सांगता येणार नाही.

तुम्ही खोटं बोललात याचा धक्का आहेच. पण त्याहून मोठा धक्का हा की तुम्ही ते शेवटपर्यंत निभावलंत. आईजवळसुद्धा बोलला नाहीत. आम्ही दोघी जगाशी भांडत राहिलो आणि तुम्ही गप्प बसून आम्हाला भांडू दिलंत. भुशीचा चढ मला परत चढायला लावणारा माणूस तो हाच का, हे मी परवापासून स्वतःला विचारतेय, आणि उत्तर दर वेळी तेच येतं, हाच. सदरा झटकून फाटकाबाहेर पडताना ते चित्र तुम्ही कुठे ठेवलं होतंत? खिसे तर उलटे केलेले असायचे. टोपीत? चपलेत? मला राग येतो, मग तुमचा तो घाबरलेला हात डोळ्यांपुढे येतो, गोधडीखाली चित्र सारणारा, आणि रागावताही येत नाही.

आईला सांगायचं ठरवून मी काल तिच्याजवळ बसले. ती लुगड्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. माझं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तुज्या अण्णानं कदी तिळाचा दाना घरात आनला न्हाई बग. आता वाचत्याल समदी." मी म्हणाले, "व्हय." किती वर्षांनी माझ्या तोंडून व्हय निघालं कोण जाणे.

म्हणून आज सकाळी गूळ चिरला, दाणे कुटले, तूप हात सैल सोडून घातलं. वड्या पाडल्या आणि त्यातली एक, गरम असतानाच, गोलकीपरच्या पाठीवर ठेवली, कडा बरोबर जुळवून. तुम्ही असंच करत असाल. ताजं तूप पिवळं दिसणार नाही, म्हणून रविवारपर्यंत ते गॅलरीतल्या उन्हात ठेवणार आहे. आई वासाने आत आली. "कशापायी गं चिक्की?" म्हटलं, रविवारी न्यायला. तिने एक तुकडा तोंडात धरला, दात नाहीत, नुसती चघळत बसली आहे पलीकडे.

हे कुठे धाडायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, तरी एक कबूल करते. परवा तिथे ती चित्रं पालथी पडली होती, तेव्हा त्या धक्क्यातच मला आनंद झाला. लहान पोरीसारखा, निलाजरा आनंद. तीळसुद्धा न आणणाऱ्या माणसाने माझ्यासाठी गोलकीपर आणला होता. मधेच उठून मी वडी उचलून पाहिली. चौकोन चांगला उतरलाय, एक कोपरा तेवढा कोरा राहिला होता. वडी तव्यावर जरा गरम केली आणि परत ठेवली.