हिरव्या पाकिटाचं यंत्र

प्रिय बो-युआन,

परवा मी तुझ्या एका यंत्राचा जीव वाचवला, आणि तोही मक्याच्या कुरकुऱ्यांच्या जोरावर. हसू नकोस. दुकानात गिऱ्हाईक असेल तर वडिलांना बसव आणि चहा घेऊन निवांत वाच.

इथे काओश्युंगला आता कंपनीची निम्मी कामं एआय एजंट करतात. बोटींच्या तिकिटांचा प्रोग्राम अडला की एजंट दुरुस्त करतो, बिनकामाचं यंत्र दिसलं की बंद करतो. पण त्याला मोकळं सोडायचं तर आधी कळायला नको, कुठला प्रोग्राम कुठल्या सर्व्हरवर चालतो आणि काय काढलं तर काय कोसळेल? तो नकाशा करायचं काम फांगसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. 'सगळं तुझ्या डोक्यात आहे बाई. उद्या तू आजारी पडलीस तर आम्ही काय बोंबलत बसायचं?' मग मी घरोघर फिरावं तशी टेबलाटेबलाशी फिरले. जो तो म्हणे लिनला विचार, आणि लिन म्हणे, 'मला काय विचारतेस? तुलाच माहीत असणार.'

शेवटी एकच यंत्र उरलं, सर्व्हरच्या खोलीत अगदी खालच्या फळीवर. कुठल्या प्रोग्रामशी नातं नाही, मालकाचं नाव नाही. एजंटने लिहिलं, यावर काहीच अवलंबून नाही, शुक्रवारी बंद करतो. मी हो म्हणणारच होते, तरी म्हटलं एकदा डोळ्यांनी बघून यावं. बघते तर कडेला तुझ्या अक्षरात 'हात लावाल तर याद राखा', आणि वर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. आता आपल्याकडे ते कुठल्या यंत्रावर नसतं? कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाणा', तेव्हा यंत्राला 'बाबा रे, शहाण्यासारखा वाग' म्हणत ठेवायचं, दिवा हिरवा राहावा म्हणून हिरवंच ठेवायचं, मुदत संपायच्या आत बदलायचं. पण तुला नोकरी सोडून दोन वर्षं झाली आणि पाकिटावर मुदत होती पुढच्या उन्हाळ्याची. म्हणजे तुझ्यामागे कुणीतरी त्या यंत्राला तळहातावरच्या फोडासारखं जपत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांदेखत विचारलं, पाकीट कोण बदलतं, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. फक्त फांगसाहेब नूडल्सच्या वाडग्यात तोंड घालून कानापर्यंत लाल झाले. तेच रे, ज्यांच्या मते असल्या भाबडेपणाला इंजिनियर लोकांत जागा नाही. पितळ उघडं पडल्यावर पुटपुटले, 'आई चीपेई बेटावर असते माझी. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली की त्या कार्ट्याचं यंत्र तिच्या साध्या फोनवर कळवतं. नाहीतर म्हातारी धक्क्यावर कुडकुडत उभी राहते, आणि तिच्याबरोबर गावातल्या बाकीच्याही.' यंत्र शुक्रवारी जाणार हे त्यांच्या गावीही नव्हतं. तुझे संदेश जातात साध्या सिमकार्डावरून, कंपनीच्या जाळ्याबाहेरून, मग एजंटला दिसणार कसे? मी लगेच नकाशात भर घातली. तुझं यंत्र, त्यापुढे सिमकार्ड, आणि त्यापुढे बेटांवरच्या आज्या. एवढ्या मोठ्या नकाशात माणसं असलेली चौकट ती एकच आहे. एजंटने यंत्राचं नाव यादीतून काढलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की फांगसाहेबांना मी दुधाचा चहा पाजला. मालक म्हणून तुझं नाव लिहिलंय. तिकडे बेटावर, माकुंगच्या दुकानात बसूनही सांभाळता येईल ते.

आता मुद्द्याचं. नोकरी सोडून माकुंगला जाताना तू विचारलं होतंस, येतेस का? मी म्हटलं, मी आले तर इथलं सगळं बंद पडेल. तू म्हणालास, 'स्वतःला फारच समजतेस बाई तू,' आणि हसलास, पण ते हसू काही खरं नव्हतं. तेव्हापासून दर नववर्षाला शेंगदाण्याची चिक्की पाठवतोस आणि सोबत एक शब्दही लिहीत नाहीस. तर काल, नकाशा पुरा झाल्यावर, मी एजंटला विचारलं, युन-रू नसली तर काय काय बंद पडेल? उत्तर आलं, काहीही नाही. पूर्वी हे ऐकून मी रडले असते. काल खुर्चीतल्या खुर्चीत हसत सुटले, लिनला वाटलं माझं डोकं फिरलं. फांगसाहेब म्हणाले, 'जा आता. पाकीट बदलायला मी आहे.' शनिवारच्या माकुंगच्या बोटीचं तिकीट काढलंय, परतीचं काढलेलं नाही. तुझा प्रश्न अजून तसाच असेल तर धक्क्यावर ये. आणि वारं सुटून बोट रद्द झालीच, तर उगाच कुडकुडत उभा राहू नकोस. तुझ्या यंत्रात आज्यांच्या खाली मी तुझाही नंबर घातलाय.

तुझीच, आणि या खेपेला खरंच निघालेली,
युन-रू