अमृतच्या मापाची सीट

दिनांक ११ मे २०२५, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पिवळ्या गाडीच्या चारही ब्रेकमधली हवा तिसऱ्यांदा काढली, हात साबणाने धुतले आणि शेडमधल्या बाकावर बसून हे लिहायला घेतले.

मी, बिरुदेव कोंडीबा वाघमोडे, वय सत्तावीस, धंदा फायबरकाम व डेंटिंग, राहणार कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला ताप नाही. दारू किंवा गुंगीचे औषध घेतलेले नाही. कोणी समोर बसून लिहून घेत नाही. मला भीती वाटते, पण भीती वाटणे म्हणजे डोके फिरणे नव्हे, असे माझा मित्र गुरु म्हणतो आणि तो वकिलाकडे लिखापढीला असतो. नववीत शाळा सुटली, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कारण असे की, आज दुपारी मला ही गाडी अक्कलकोट रस्त्याने मैंदर्गीला न्यायची आहे. संध्याकाळी अभिमन्यूची वरात आहे. अभिमन्यू हा माझा भागीदार अमृत याचा धाकटा भाऊ. अमृत दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर, अशाच गाडीत, कुंभारीच्या अलीकडे दुभाजकावर आदळून वारला.

कलम १. कुंभारीच्या दोन खोल्या वडिलांच्या नावे आहेत, त्यामुळे त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. शेडचे पत्रे, अँगल आणि पाण्याची टाकी माझी आहे. ती बहीण विजयमाला हिला द्यावी. शेड मोडून विकायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे, तिच्या नवऱ्याने नव्हे.

कलम २. ग्राइंडर, पॉलिशचे मशीन आणि स्प्रे गन चुलतभाऊ भारत याला. गन त्याने मागच्या दिवाळीत मागून नेली आणि न धुता परत आणली. आत रंग वाळून ती कायमची बसली आहे. ती त्यालाच मिळावी. कॉम्प्रेसर त्याला नाही, तो विकायचा आहे. खाली पाहावे.

कलम ३. गाडी. ही काय आहे ते नीट लिहितो, म्हणजे पुढे कोणाची फसगत होणार नाही.

बाहेरून ती इटालियन आहे. दारे वर उघडतात, उंची माणसाच्या कमरेएवढी, रंग झेंडूसारखा. आतून ती अकलूजच्या एका डॉक्टरांनी विकलेली वीस वर्षांची साधी गाडी आहे. पहिल्या गाडीसारखाच तिचा पुढचा भाग कापून मी मागे बसवला, म्हणजे इंजिन मागे आले. वरचे सगळे फायबर आमच्या साच्यातून काढलेले. इंजिनाचा आवाज मिक्सरसारखा येतो, म्हणून मागच्या बंपरखाली स्पीकर आहे आणि खऱ्या इटालियन गाडीचा आवाज त्यातून वाजतो. मागचे दिसत नाही. काच इतकी तिरकी आहे की मे महिन्यात आतला माणूस भाजून निघतो. गतिरोधक आला की एकाने उतरून चाकांपुढे फळ्या टाकायच्या, गाडी पुढे गेली की फळ्या उचलून परत बसायचे. कागदोपत्री ती अजून पांढरी सेडान आहे आणि रस्त्यावर चालवायला तिला परवानगी नाही. हे सगळे आम्हा दोघांना पहिल्या गाडीपासून माहीत होते.

तरी ती पहिली गाडी सोलापूरच्या सात रस्ता चौकात नेली तेव्हा सिग्नल हिरवा झाला आणि कोणीच हलले नाही. लोक मोटारसायकली स्टँडला लावून आले. एका म्हाताऱ्याने किंमत विचारली. अमृत म्हणाला, "दोन कोटी, आजोबा. तुमी घेत असाल तर फळ्या फुकट." म्हातारा हसला नाही. त्याने बॉनेटवर हात ठेवला, मग तोच हात कपाळाला लावला. आमच्या दोघांच्या बापांनी मेंढरांमागे जन्म काढला. आमच्याकडे बघून असे कोणी थांबले नव्हते. त्या दिवशी जे वाटले ते खोटे होते असे मला अजूनही लिहिता येत नाही.

लग्नाला गाडी भाड्याने नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अमृत सांगायचा की साठच्या वर न्यायची नाही. ब्रेक जुन्या गाडीचे, वजन सगळे मागे, वेग वाढला की पुढचे टोक हलके होते. अपघाताच्या दिवशी तो अक्कलकोटच्या लग्नाचे भाडे करून एकटा परत येत होता. मोटारसायकलवरची पोरे शेजारून मोबाईल धरून चालली होती. त्यांतल्या एकाचे चित्रण मी पाहिले आहे. त्यात पोरगा म्हणतो, "ओढा की दादा, लई भारी दिसतंय." अमृत त्याच्याकडे बघून हसतो आणि गाडी चित्राबाहेर जाते. तो प्यायलेला नव्हता. बघणाऱ्यांना जे दिसत होते ते त्या घडीला त्यालाही खरे वाटले, एवढेच.

कलम ४. सीट.

पहिल्या गाडीच्या वेळी चालकाची सीट आम्ही अमृतच्या मापाने केली. मोठ्या प्लास्टिक पिशवीत फुगणारा फोम ओतला आणि तो वाळेपर्यंत अमृतला त्यावर बसवला. हलू नको म्हटले तर तो हसत राहिला. लहानपणी कोकरू नेहमी डाव्या खांद्यावर घ्यायचा, त्यामुळे त्याचा तो खांदा खाली होता. उजव्या मागच्या खिशातले पाकीट काढायचे राहून गेले. फोममध्ये दोन्ही उतरले. त्यावरून साचा झाला.

अपघातात गाडीचे तुकडे झाले. साचे शेडमध्ये होते, त्यांना काही झाले नाही.

तेराव्यानंतर अमृतची आई मायाक्का शेडवर आली. ती मैंदर्गीची, मला तम्मा म्हणते, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. साच्यांवरून हात फिरवत तिने विचारले, "ह्यातनं परत निघतंय व्हय रं?" मी म्हणालो, निघते. ती म्हणाली, "मग काढ."

मी काढली. दीड वर्ष लागले. सीट साच्यातून सुटली तेव्हा डावा खांदा खाली होता आणि उजवीकडे पाकिटाचा खड्डा होता. मायाक्काने त्या खड्ड्यात हात ठेवला आणि एसटीची वेळ होईपर्यंत काढला नाही. तेव्हापासून दर अमावास्येला येते, शेजारच्या सीटवर बसते, हात तिथेच ठेवते. मी पलीकडे घासकाम करत राहतो. कधी कधी ती माझ्याकडे न बघता पदराने सीट पुसते, घाम पुसावा तशी.

मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. गाडी हलवायची तर बाहेरून ढकलायचो, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरायचो.

अभिमन्यूचे लग्न ठरले तेव्हा मायाक्काने सांगितले की वरातीला थोरल्याची गाडी असणार आणि ती मी चालवणार. मी म्हणालो, उशी घेऊन बसेन.

"उशी न्हाय. त्येच्या अंगावर उशी दाबू नगंस, तम्मा."



मागच्या आठवड्यात अभिमन्यू बसून गेला. त्याला सीट सैल झाली, पाठीला स्पंज लाव म्हणाला. काल सकाळी मी बसलो. मला ती बरोबर बसली. माझे खांदे सरळ आहेत, निदान दोन वर्षांपूर्वी सरळ होते. डावा खांदा आपोआप खाली जाऊन टेकला. फक्त उजवीकडचा खड्डा मोकळा राहिला, कारण मी पाकीट वापरत नाही.

शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे ठरवले होते. रस्त्याला लागलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची माणसे उभी राहून हात हलवू लागली. मीही हात हलवला. मग काटा पाहिला तर तो पंच्याऐंशीवर होता. मी पाय दाबल्याचे मला आठवत नाही. ही गोष्ट मी शपथेवर लिहितो.

परत येऊन वेल्डर सोमशेखरला बोलावले आणि अॅक्सिलरेटरखाली लोखंडी अडणी लावून घेतली. आता पायडल अर्ध्यावर अडते. गाडी चाळीसच्या वर जात नाही. काम झाल्यावर सोमशेखर म्हणाला, "गाडीला लावून घेतलास का सवताला?" मी म्हणालो, पैसे उद्या देतो.

मैंदर्गीला पोहोचायला चाळीसने दीड तास पुरतो, फळ्यांचा वेळ वेगळा. मी बारालाच निघणार आहे. फळ्या टाकायला सोबत भारत आहे. परत येताना मी त्याला बसू देणार नाही, त्याला एसटीने यायला सांगितले आहे; तेव्हा फळ्या मीच उतरून टाकीन.

कलम ५. मी परत आलो किंवा न आलो, उद्यापासून ही गाडी कोणी चालवू नये. ती कापावी. इंजिन विकावे. बॉडीचे साचे घणाने फोडावेत, नुसते बाहेर टाकू नयेत, कारण टाकलेला साचा कोणीतरी उचलतो.

यावर अभिमन्यूची हरकत आहे. त्याला ही गाडी लग्नांना भाड्याने द्यायची आहे. मला न विचारता त्याने तीन ठिकाणचे विसार घेतले आहेत. ते त्यानेच परत करावेत. तो परवा मला म्हणाला, "साचा फोडणं म्हंजी दादाला परत मारणं हाय." त्यावर मी रात्रीपर्यंत विचार केला. माझे उत्तर इथे लिहितो, तोंडावर बोलणे मला जमले नाही. अभिमन्यू, साचा आहे तोवर तो परत परत त्याच रस्त्याला लागत राहील. मी एकदा काढला आणि काल मीच जवळजवळ गेलो. तुला सीट सैल आहे. सैलच राहू दे. स्पंज लावू नको.

कलम ६. सीटचा साचाही फोडावा. तयार सीट मायाक्काची. मात्र देण्याआधी सीटच्या पोटात सिमेंट भरावे, म्हणजे ती पुन्हा कोणत्याही गाडीत बोल्टने बसणार नाही. मैंदर्गीच्या घराच्या ओट्यावर ठेवावी. वर कव्हर घालू नये. उन्हात पिवळी पडली तरी रंग देऊ नये.

कलम ७. दोन्ही फळ्या गुरुच्या दारातल्या गटारावर टाकाव्यात. बऱ्याच दिवसांपासून तो मागतो आहे. फळ्या देणगी नाहीत, त्याने या कागदाचे पैसे घेतले नाहीत त्याची ती फेड आहे. साक्षीदाराला काही ठेवायचे नसते, हे त्यानेच सांगितले.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही. साक्षीदारांसमोर सही करतो आणि ते माझ्यासमोर करतात.

बिरुदेव कोंडीबा वाघमोडे (सही)

साक्षीदार: १) सोमशेखर, वेल्डिंग काम, कुंभारी (सही)
२) गुरु, लिखापढी, सोलापूर (सही)

ठिकाण: कुंभारी. दिनांक ११ मे २०२५, सकाळी अकरा वाजता.

हिशेब

पहिली गाडी, दोघांत मिळून: ४,६०,०००. भाड्यातून आलेले: २,१५,०००.
दुसरी गाडी: ३,८५,०००. भाड्यातून आलेले: काही नाही.
देणे, फायबरसाठी लागणाऱ्या रेझिनच्या दुकानाचे: १८,४००. कॉम्प्रेसर विकून द्यावेत.
देणे, मायाक्काचे, तिने मेंढरे विकून दिलेले: ९०,०००. ती देणे मानत नाही, मी मानतो. इंजिन विकून द्यावेत, उरलेले माझ्या बँक खात्यातून.
देणे, सोमशेखरचे, अडणीचे: १५०. सही करताना दिले. आता नाही.
अमृतचे पाकीट. पोलिसांनी कपड्यांबरोबर दिले होते. मायाक्काने ते न उघडता माझ्याकडे ठेवले. आतले पैसे मी मोजले आहेत, ३२०. खर्च केलेले नाहीत. आज ते माझ्या उजव्या मागच्या खिशात आहे, खड्डा मोकळा राहू नये म्हणून. माझ्या अंगावरून जो काढील त्याने ते मायाक्काला द्यावे.