न्हायपेक्षा कमी

वळसंग,
१९ नोव्हेंबर २०२५

बिरुदादा,

नमस्कार घे, शिव्या नंतर देते. फोन बंद, चाकणच्या खोलीला कुलूप. मालक म्हणाला, पत्र आलं तर दाराखालून सरकवीन, म्हणून हा उद्योग. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड चालतंय. काळी कुत्री व्यायली.

मेंढरं कोंडायच्या जाळीला, आपल्या वाघरीला, मी बसवलेलं फाटक आठवतंय ना? "मेंढरांना आता तिकीट काढा," म्हणून हसला होतास. मेंढरू आत गेलं की आकडा एकाने वाढतो, बाहेर पडलं की एकाने उतरतो. सकाळी सगळी रानात गेली की शून्य. प्रोग्राम लिहिताना मी आबांना विचारलं होतं, शून्याखाली जाणारा आकडा धरू का? आबा म्हणाले, "न्हाय म्हंजी न्हाय. न्हायपेक्षा कमी मेंढरू असतंय व्हय गं?" मलाही पटलं. मी उणे न होणारा आकडा घेतला, आमच्या भाषेत अनसाइन्ड.

आबा वाघरीतच झोपायचे. फाटकातून आत, फाटकातूनच बाहेर, त्यामुळे मेंढरांसारखे तेही मोजले जायचे. गेले त्या सकाळी लोकांनी बाजूची जाळी सोडून त्यांना उचलून नेलं. तू आला नाहीस. भांडण बापाशी होतं रे, तिरडीशी नव्हतं. असो. तेव्हापासून मेंढरं रानात गेली तरी फाटकावर एक उरतो. आईने तो पुसू दिला नाही. "हायती तर ऱ्हाऊ दे की," म्हणाली. रोज त्या एकापुढे चहा ठेवायची.

मागच्या सोमवारी सकाळी आकडा दिसला पासष्ट हजार पाचशे पस्तीस. मी घाबरले नाही, तेवढं शिकलेय. अनसाइन्ड आकडा शून्याच्या मागे ढकलला की थेट सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊन बसतो. मी प्रोग्राममध्ये उणे दाखवणारा, साइन्ड प्रकार केला आणि तोच आकडा पुन्हा वाचला. उणे एक.

एकाचा उणे एक झाला, म्हणजे दोघं जास्तीचे बाहेर गेले. एक आबा, हे मी मुकाट्याने मान्य केलं. पण दुसरं कोण? आत न जाता बाहेर कोण पडेल? मग सुचलं, रात्री वाघरीत कोकरू जन्मलं असेल, त्याला आत जाताना मोजलेलंच नसतं. हुश्श केलं आणि सगळी मेंढरं तपासली. एकही मेंढी व्यायली नव्हती.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तरी ती दोन कप भरून आली. "बिऱ्या बी वाघरीतच जन्मला व्हता. त्याला कुटं कुणी आत जाताना मोजलंय? बा लेकाला घिऊन गेला."

मी तिच्यावर ओरडले. लई ओरडले.

तुझा फोन त्याच सोमवारपासून बंद आहे, दादा. मला भीती वाटतेय. नंबर बदलला असशील, रागात असशील, काही का असेना, ये. फक्त जाळी ओलांडून येऊ नकोस. फाटकातूनच आत ये. मला शून्य बघायचंय.

फाटकापाशी बसलेली तुझी
सुकी

ता. क. पाकीट चिकटवताना उणे एकाचा आकडा हलला. मेंढरं रानात आहेत, फाटकात कुणी दिसत नाही. शून्य.

पत्र तरीही टाकतेय. तूच उघड, दादा.