पेज घातलेला साबण

मीठ कमी पडलं म्हणून तो साबण पातळ झाला नव्हता, माय. तू तेव्हाही ऐकलं नाहीस, आता तर तुला ऐकवायची सोयच राहिली नाही, पण माझं म्हणणं अजून तेच आहे. मीठ जास्त झालं होतं. घरामागच्या सांदवाडीत तो निळा ड्रम, त्यात मी फावड्याचा दांडा फिरवतो आहे, तू बोटावर थेंब घेऊन उन्हात धरतेस अन् म्हणतेस, "अजून पातरच आहे. आन, एक मूठ आन अजून." मी म्हणतो, माय, मघापेक्षा पातळ झालं. "तुले काय समजते? भंडाऱ्याच्या म्याडमनं सांगतलं, मिठानं घट्ट होते." त्या मॅडमने प्रशिक्षणात तुम्हा बचत गटाच्या बायांना मिठाने घट्ट होतं हे सांगितलं, ते खरंच होतं. पण कुठे थांबायचं ते तिने सांगितलंच नाही, नाहीतर तुम्ही सगळ्या जेवायला उठल्या तेव्हा सांगितलं. साबणाच्या पाण्यात मीठ पडत जातं तसं ते एका हद्दीपर्यंत दाट होतं. त्या हद्दीच्या पुढे मूठभर जरी गेलं की परत पाणी. अन् वरून आपलं मे महिन्याचं ऊन, टिनाची खोली. हिवाळ्यात जो साबण बाटलीतून निघायला कुरकुर करायचा, तोच उन्हाळ्यात ताकासारखा सांडायचा. तू म्हणायचीस दृष्ट लागली. मी म्हणायचो ऊन लागलं. त्यावरून आपण किती भांडलो.

हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, नुसतं डोळ्याला दिसत होतं. आता माहीत आहे, कारण तुझा हा पोरगा, जो दांडा फिरवायला नको म्हणून तळ्यावर पळून जायचा, तो साबणाच्याच कंपनीत लागला आहे. हास खुशाल. आपल्या करडी गावापासून दीड दिवसाच्या गाडीवर, गुजरातेत, समुद्राजवळ. त्याआधी फरशीच्या भट्टीवर होतो, मग हॉटेलात, मग सुताच्या गिरणीत. कुठेच वर्ष धड काढलं नाही. सातवीनंतर शाळा सोडली तेव्हा तू शेजारच्या काकूला सांगत होतीस, "याच्या बुडाखाली इस्तो आहे वो, हा कुठं बसन?" इस्तो अजून विझला नाही. इथूनही निघावंसं वाटतं, रोज. तरी थांबलो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आधी पेजेचं बोलू. त्याचा राग मला अजून आहे, पण कोणावर आहे ते कळत नाही. बाजारात बाया बाटली तिरपी करून बघायच्या अन् परत ठेवायच्या. एक म्हणाली, "साबन आहे का पानी पाजून राहिली आमाले?" दुसरीने तेच नाव उचललं अन् मग तुझं नावच पडलं, पानीवाली बाई. तेव्हा काकूनेच सुचवलं. "अवो, पेज टाक ना! कांजीनं लुगडं कडक होते, साबन नाही होणार?" तू आधी तिच्यावर डाफरलीस, "पेज पोटाची आहे, भांड्याची नाही." आपल्या धानाच्या गावात भात सगळ्यांच्या घरी, पेज सगळ्यांच्या घरी, पण ती कोणी अशी भांडी घासायला वाहू देत नाही. ती प्यायची, उरली तर गाईला. तरी दुसऱ्या दिवशी तू मोठ्या गंजात भात लावलास, पेज निथळलीस, गार केलीस अन् ड्रममध्ये ओतलीस. ओतताना तोंड दुसरीकडे केलं होतंस. अन् काय सुंदर झालं होतं ते! बोटावरचा थेंब पडता पडेना. संध्याकाळी विहारात गटाच्या सगळ्या बाया जमल्या, बाटल्या हलवून हलवून हसत होत्या. काकू तर म्हणाली, आता कंपनीवाले आपल्या दारात येतात की नाही बघ.

अन् मग तो आठवडी बाजार. बाटल्या भरून चार-पाच दिवस झाले असतील. आपण दोघं पोतं पसरून बसलो आहोत, बाजूला सुक्या मासोळीवाला. ऊन चढतं आहे. अन् एका बाटलीचं झाकण टप्पकन उडतं. मग दुसऱ्या बाटलीचं. बाटल्या पोटुशा बाईसारख्या फुगलेल्या अन् आंबट वास असा की डोळ्यात पाणी. मासोळीवाला उठून उभा राहिला, "वो बाई, लोकं माह्या मासोळीले नाकं मुरडून राहिले, अन् वास तुमच्या साबनाचा!" सगळा बाजार हसला. "पानीवाली बाई आता आंबील विकून राहिली!" कोणीतरी म्हणालं, एक वाटी द्या इकडे, कांदा आहे आमच्याजवळ. मीही हसलो गं. आंबट फेस मासोळीवाल्याच्या चपलेपर्यंत गेला होता, हसू येणारच. तू हसली नाहीस. बाटल्या पोत्यात भरल्या अन् गावाची वाट धरलीस. नाल्याच्या पुलावर एकेक बाटली उलटी केलीस, खाली सगळा पांढरा फेस झाला, तरी तू रिकाम्या बाटल्या धुऊन परत पोत्यात टाकत होतीस. अन् पुलावरच, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "साबन पुरा होता त्याच्यात. एक वाटीबी कमी नाही केला." 

पुढच्या पावसाळ्यात काविळीने तू गेलीस. गट मोडला. ड्रममध्ये धान भरायला लागलो. पण ते नाव नाही गेलं. तुझ्या मातीला आलेल्या एका म्हाताऱ्याने गावाबाहेरच्या दुसऱ्याला ओळख सांगितली ती तशीच, कोण गेली, तर ती, पानीवाली.

इथे टाकीत आम्ही जी पूड टाकतो तिला कार्बोमर म्हणतात. पांढरी, इतकी हलकी की श्वासाने उडते, म्हणून तोंडाला फडकं बांधतो. पाणी फिरत असलं की त्या भोवऱ्यावर ती हळूहळू भुरभुरायची, धान पाखडताना सुपातून सोडतात तशी. घाई केली की गाठी होतात, वरून ओल्या, आत कोरड्या, माशाच्या डोळ्यासारख्या, मग दिवसभर फिरवलं तरी फुटत नाहीत. पूड भिजली तरी पाणी पातळच राहतं. मग कास्टिकचं पाणी थोडंथोडं सोडायचं. अन् माय, डोळ्यांसमोर सगळी टाकी जड होते. फिरणाऱ्या पात्याचा आवाज बदलतो. बुडबुडे जिथे असतील तिथेच अडकून राहतात. घासायचे बारीक कण टाकले तर ते खाली बसत नाहीत अन् वरही येत नाहीत, महिनोन् महिने मध्येच लटकून असतात. ऊन लागो, थंडी लागो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मागे वळलो, तुला हाक मारायला. मागे बिहारचा एक पोरगा कॅन धूत होता.

अन् मग मी काय केलं ऐक. एक दिवस टाकी जराशी सैल वाटली. बोटावर थेंब घेतला, तुझ्यासारखाच. पातर. हाताला सवय, डोक्याला विचारलंही नाही. शेजारच्या साध्या साबणाच्या टाकीजवळचं मिठाचं घमेलं उचललं अन् ओतलं. बघता बघता सगळं पाणी! लटकलेले कण पावसासारखे खाली. सुपरवायझर धावत आला. "अरे भंडारावाले, ये क्या डाला? नमक? दाल समझा क्या?" मी म्हणालो, "घर में ऐसेइच करते थे." तो म्हणाला, "घर में साबुन खाते थे क्या तुम लोग?" मग जरा शांत झाल्यावर त्याने समजावलं की साबण मिठाने एकमेकाला धरतो, पण ही पूड मिठाने हात सोडून देते. दोन्ही घट्ट दिसतात, घट्ट व्हायची रीत वेगळी. मला टाकीवरून काढून झाकणं लावायला बसवलं, पुढे माणूस कमी पडला तेव्हा परत घेतलं. झाकणं लावताना मी सारखा तुझाच विचार करत होतो. राग येत होता तुझा, अन् दुसऱ्याच झाकणाला तुझी बाजू घ्यावीशी वाटत होती.

कारण टाकीवर परत आल्यावर मला 'लाइट' माल करायला दिला. लाइट म्हणजे साबण निम्मा, पूड दीडपट. बाटली उलटी केली तर मधासारखी धार, फेस मात्र नावाला. बाटलीवर लिहिलेलं असतं, दाट. अन् खपतो माय, कंपनीतला सगळ्यात जास्त तोच खपतो. तुझ्या पातळ बाटलीत याच्या दुप्पट साबण होता. तुझ्या बाटलीने तेलाची कढई निघायची, याने चहाचा कप निघतो. तुला लोक पानीवाली म्हणाले, अन् मी खरोखरचं पाणी उभं करतो आहे, त्याचा पगार घेतो आहे. हे कोणाला सांगू? खोलीतल्या पोरांना सांगितलं तर म्हणतात, तुला काय करायचं, तुझ्या घरचा साबण आहे का?

आता घरचाच झाला आहे. तुझी लहानी, जी ड्रमच्या झाकणावर बसून रडायची, तिने गट परत उभा केला. ड्रम तोच. गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओवर मला बाटली दाखवत होती. "दादा, उनात पातर होते. बाया म्हणतेत, मायवानीच होईल तुहं." तिला त्याच बाजारात बसायचं आहे, त्याच जागेवर, अन् बाजूला त्या मासोळीवाल्याचा पोरगा बसतो म्हणे. ती म्हणाली, "तुह्या कंपनीत जे टाकतेत तेच पाठव ना. मले पानीवालीची पोरगी नाही म्हणून घ्यायचं." मी सांगितलं, ती पूड तुला चालणार नाही, तिला मीठ सोसत नाही. दुसरी एक असते, लाकडाच्या लगद्यापासून केलेली, ती मिठात टिकते. तीच विकत घेऊन आपल्या गावचा एकजण धानाच्या रोवण्याला, लावणीला, घरी चालला होता त्याच्यासोबत पाठवली. थंड पाण्यात हळूहळू भुरभुर, घाई नको, नासू नये म्हणून टिकवायचं औषध त्यात मोजून टाक, अन् पेजेचं नाव काढू नको, सगळं फोनवर सांगितलं.

पहिला ड्रम चांगला उतरला. बाया खूश. अन् मग ती, किती सहज, म्हणाली, "दादा, मंग साबन निम्माच टाकला तरी चालन ना? घट्ट तर दिसनच. वाचले ते बायाईले वाटता येतीन." तिचं काय चुकलं? मी रोज तेच करतो, मी शिकलो आहे ते. पण मला एकदम तो पूल दिसला अन् मी म्हणालो, "नाही. साबण कमी केला की ही पूड फाटते. सगळं पाणी होते. बाजारात होईल, सगळ्यांच्या समोर." ती घाबरली. म्हणाली, "बरं झालं विचारलं." मग हळूच म्हणाली, "पण मंग पुरत नाही ना, दादा." मी म्हणालो, मी पाठवतो, बोनस मिळाला आहे. म्हणून इथून निघता येत नाही.

आज सुट्टी आहे, पोरं भाजी आणायला गेलीत, म्हणून हे लिहायला बसलो. हे कुठे टाकायचं नाही, माहीत आहे. तिला वाचायला तर द्यायचंच नाही, कारण ते खोटं आहे, माय. साबण कमी केल्याने ती पूड फाटत नाही. काहीच होत नाही, अजून छान दिसतं. अन् बोनसही इथे कोणाला मिळत नाही. एका ड्रममधला साबण निम्मा केला तर जेवढे पैसे वाचतात, तेवढेच पाठवतो आहे, दर ड्रममागे, तिने वाटी कमी करू नये म्हणून. पोरं आली की एकाच्या मोबाइलवरून तिच्या खात्यात टाकतो: नऊशे साठ रुपये.