गरमी म्हंजी काय

लासुर्णे, मंगळवार, सांजच्याला

हे ट्रकवरनं आले तवा म्हणले, "गरमी झालीया." मला वाटलं, उन्हाची. रोज सब्जा भिजवून दिला. जवळ आले, तर आपल्याच नवऱ्याला न्हाय कसं म्हणायचं? आता मलाबी खाली फोड आलाय.

आज बारामतीच्या दवाखान्यात नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणल्या, "अगं येडे, ही गरमी म्हणजे बाहेरच्या बाईकडून आणलेला रोग. त्याच्याकडनं तुला लागला." आन मी सब्जा देत बसले! बाई म्हणल्या, "दोघांनी सुई घ्यायची. तू एकटीनं घेतलीस तर परत लागेल. रक्तपण तपासू." मी घेतली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हसले. "मी ठणठणीत हाय. मला कशाला सुई? तूच कुठनं आणलीस ते सांग." चुलीपाशी सासूबाई ऐकत हुत्या, त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

मी आणली? मी कवा कुठं गेले?

पोरगी अंगावर पिती. तिला लागंल का, हे इचारायचंच ऱ्हायलं.

हे म्हणले, आज गाडी न्हाय, रातच्याला हितंच हाय. सुईची जागा अजून दुखतीया. घेतलेली सुई आजच वाया जायची.