मामाबरोबर येऊ नकोस

कोपरखैरणे, शनिवार

प्रिय नंदे,

आधी एकच गोष्ट वाच आणि डोक्यात घट्ट बसव. सोमवारी सकाळी धनाजीमामा तुझ्या क्लबच्या दारात येऊन उभा राहील. रडेल, हात जोडेल, आईची शपथ घालेल. त्याच्याबरोबर येऊ नकोस. बॅग भरू नकोस, पायात चप्पलसुद्धा घालू नकोस. का ते सांगते. पण पत्र अर्धं टाकून धावत सुटू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

शेजारच्या शकुबाईच्या खोलीत बसून लिहितेय. आपल्या घरात दोन दिवस पाय ठेवायला जागा नाही, गावाकडची माणसं आलीत. चहासुद्धा शकुबाईकडूनच येतो. तिचा भाऊ आज कळंबोलीहून लोखंड भरून मडगावला निघतोय, त्याच्या खिशात हे पत्र कोंबणार आहे. पोस्टाच्या भरवशावर बसले असते तर मामा आधी पोचला असता आणि मग माझं लिहिणं गेलं असतं चुलीत.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अगं बाई! इतके दिवस बाकावर बसून दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होतीस, आणि आता पुढच्या रविवारी पहिल्या अकरात, डाव्या बाजूला! वर भारताच्या कॅम्पसाठी मुली निवडणारी माणसं तीच मॅच बघायला येणार. फुटबॉल खेळायचा म्हणून पगार मिळतो, हेच अजून अर्ध्या बिल्डिंगला पटत नाही. मी ते पत्र आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग बनियनवरच खाली गेले आणि पानवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून आले. वॉचमनला मराठी येत नाही, त्याला हातवारे करून सांगितलं.

तुला आठवतं का, शाळेच्या टीममध्ये पहिल्यांदा घेतलं तेव्हा नडगीला बांधायचे पॅड नव्हते? आबांनी मार्केटातून बारदानाचे तुकडे आणले, सुतळीने दुमडून शिवले आणि तुझ्या पायांना बांधले. मॅचभर तुझ्या पायांना कांद्याचा वास येत होता. बोनकोड्याची पोरं नाक धरून हसली, आणि तू त्यांच्याच पोराच्या पायातून बॉल काढून गोल ठोकलास. आईने घरी आल्यावर तुला बडवलं, पोरीच्या जातीला हे शोभतं का म्हणून. आबा मध्ये पडले. म्हणाले, हमालाची पोर आहे, कुणाच्या धक्क्याने पडायची नाही. मी तेव्हा जळले होते हां तुझ्यावर. माझ्यासाठी आबा कधी सुईदोरा घेऊन बसले नव्हते.

आता मामाचं ऐक. आबांच्या टोळीत रीत आहे. माणूस गळाला की त्याची जागा मुलाला, मुलगा नसला तर जावयाला. कुठे लिहिलेलं नाही, पण मुकादमापासून सगळे पाळतात. आपल्या घरात मुलगा नाही. माझ्या नवऱ्याने मला टाकलं, म्हणजे तो जावई असून नसल्यासारखा. राहिलीस तू. आणि मामीचा भाचा भैरू गावात रिकामाच आहे. मामाने कसा बेत जमवलाय बघ. तुझ्या गळ्यात भैरू, भैरूच्या हातात पोती ओढायचा आकडा, आणि आईला तिन्ही त्रिकाळ भाकर. मुकादमाशी बोलणंसुद्धा झालं. तुला तेवढं विचारायचं राहिलं.

भैरू वाईट नाही गं, उगाच का बोलू. काल बिचारा खाली मान घालून जिन्यात बसला होता. मी सरळ विचारलं, नंदी लग्नानंतर खेळली तर चालेल का. तर म्हणतो, चालेल की, पण चड्डी घालून नाही, आणि बाहेरगावी नाही. म्हणजे जिन्यात खेळायचं! मला हसू आलं आणि मग असं रडू आलं की शकुबाईने मला हाताला धरून आत नेलं.

खोटं बोलत नाही, नंदे, मी फार घाबरलेय. जागा हातची गेली तर टोळी आपल्याला ओळखणार नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय, मध्येच उठते आणि माझ्यावर ओरडते, तूच पोरीला डोक्यावर चढवलीस म्हणते. मी मार्केटात धान्य निवडायला जाते, त्यात दोघींचं निभेल का, देवाला माहीत. बहुतेक नाही निभणार. हे सगळं मला दिसतंय, मी काही खुळी नाही. तरीपण तुला देऊन मला पोट भरायचं नाही. मला एकदा असंच सगळ्यांच्या सोयीने उजवलं होतं. परत कशी आले ते तू दार उघडून पाहिलंयस.

मामा तुला सांगेल, आबा फार सिरियस आहेत, सारखं तुझं नाव घेतायत, एकदा शेवटचं तोंड बघून घे. नंदे, माझ्या बाळा, बघायला तोंड राहिलेलं नाही. आबा गुरुवारी गेले. कंबर धरली होती तरी कामावर गेले, पोतं खाली ठेवलं, टेकले ते उठलेच नाहीत. तुला फोन करायला मी निघाले तर मामाने दारात अडवलं, म्हणाला मी लावतो. त्याने लावला नाही, आणि फोन नि तुझा नंबर तेव्हापासून त्याच्याच खिशात आहेत. मामीला सांगत होता ते मी या कानांनी ऐकलं, की गेले म्हटलं तर पोरगी तिकडेच रडून घेईल, सिरियस म्हटलं तर पळत येईल. मयत झालेल्या घरात लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून त्यांना तू तेराव्याच्या आधी हवी आहेस. एकदा आत आलीस की तुला कुणी सोडणार नाही, मीसुद्धा सोडवू शकणार नाही. तिकडेच रड. पोटभर रड, डोक्यावरून पाणी घे, आणि रविवारी खेळ. त्याच्या आदल्या दिवशी, पुढच्या शनिवारी, आबांचा दहावा आहे. पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला की मामा सगळ्यांदेखत हात जोडून म्हणणार, दाजी, नंदीचं लग्न मी लावून देतो. त्याच्या आधी मी पुढे होणार आहे. बाईमाणसाने तिथे बोलायचं नसतं म्हणतील, म्हणू देत. अख्ख्या टोळीसमोर सांगणार आहे, आबा, नंदीला आम्ही परत बोलवत नाही, ती खेळणार आहे. कावळा संध्याकाळपर्यंत आला नाही तरी मी दुसरं काही बोलणार नाही.

तुझीच, आणि आता आईच्या खालोखाल तुला एकटीच उरलेली,
मुक्ताआक्का